बडी एलचा ट्रक आणि एक गोड गोष्ट

संशोधनाच्या सुरुवातीला ज्या स्रोतावर आपण सगळ्यात पटकन विश्वास ठेवतो, तो म्हणजे एखाद्या वस्तूची गोड जन्मकथा. एक उदाहरण बघा.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ईस्ट मोलीन इथे फ्रेड लुंडाल यांची मोलीन प्रेस्ड स्टील कंपनी होती. पोलादी पत्रा साच्यात दाबून ती इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रकचे भाग बनवायची. लुंडाल यांनी मुलासाठी, आर्थरसाठी, कारखान्यातल्याच पत्र्याचा छोटा ट्रक केला. आर्थरचं लाडकं नाव 'बडी एल'. शेजारची पोरं मागे लागली आणि १९२१ पासून त्याच नावाने खेळणी विकायला आली. डंपर, वाफेचं खोदयंत्र वगैरे.

गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण एका मुलाला ट्रक कसा मिळाला, एवढंच ती सांगते. कारखाना खेळण्यांकडे का वळला, हे तिच्यात नाही. मग ट्रककडेच बघा. पत्रा १८-२० गेजचा, म्हणजे साधारण एक मिलिमीटर जाड. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला विचारा, खेळण्यासाठी एवढा जाड पत्रा घेशील का? तो हसेल! त्या काळची जर्मन चावीची खेळणी पातळ टिनची असत. इथे मात्र प्रेस, पत्रा, कारागीर सगळं आधीच हाताशी होतं. त्यात १९२०-२१ मध्ये अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले आणि शेती-अवजारांचा धंदा बसला. रिकाम्या प्रेसला काम हवं होतं का? कारखान्याच्या ऑर्डरवह्या बघितल्याशिवाय 'हो' लिहू नका. पण त्या वह्या शोधायला हव्यात, हे जन्मकथा वाचून सुचलंच नसतं.

पुढे १९४२ मध्ये युद्धासाठी पोलाद राखलं गेलं, खेळण्यांत धातू वापरण्यावर निर्बंध आले. मग बडी एलने लाकडी गाड्या काढल्या. बापाची माया तीच, पत्रा तेवढा गेला.

आणि हो, जुना ट्रक अभ्यासायला मिळाला तर आधी रंग तपासा. बरेच हौशी लोक गंज खरवडून नवा रंग मारतात. दिसतो झकास, पण मूळ रंग, कंपनीचं चिकटचित्र, वाळूत खेळून घासलेल्या कडा, सगळं जातं. अशा ट्रकच्या फोटोखाली मी तरी साल लिहीत नाही.