लाउंजच्या दारावरचा नियम

विमानतळावरच्या लाउंजचं दार दिसलं, की मनात पहिला प्रश्न येतो: आत कोणाला सोडतात? आज बहुतेकदा कार्ड पाहून सोडतात. पूर्वी माणूस पाहून सोडत. हा बदल कसा झाला, ते मला आज सांगायचं आहे.

१९३०च्या दशकात सी. आर. स्मिथ हे 'अमेरिकन एअरलाइन्स'चे अध्यक्ष होते. त्यांच्या डीसी-३ विमानात आसनं होती अवघी २१. प्रवासी थोडे, त्यामुळे नेहमीचा माणूस जपणं भागच होतं. आपल्या विमानांना त्यांनी 'फ्लॅगशिप', म्हणजे आरमारातलं मुख्य जहाज, असं नाव दिलं होतं. मग खास प्रवाशांना या ताफ्याचे 'अ‍ॅडमिरल' ही मानाची पदवी ते देऊ लागले.

पदवी मिळाली, पण बसायला जागा नव्हती. ती मिळाली न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या नव्या विमानतळावर महापौर ला गार्डिया यांनी पत्रकारांना भेटण्यासाठी एक दालन राखलं होतं. सगळी इमारत भाड्याने द्यायची आहे, असं ते सांगत असताना एका पत्रकाराने विचारलं, की हे दालनसुद्धा का? महापौर हो म्हणाले आणि कंपनीच्या उपाध्यक्षांनी ते तिथल्या तिथे मागून घेतलं. १९३९मध्ये तिथे 'अ‍ॅडमिरल्स क्लब' सुरू झाला.

कंपनीचं आमंत्रण असेल, तोच आत. त्यात नामवंत होते, राजकारणी होते, नेमाने प्रवास करणारे साधे लोकही होते. इतर कंपन्यांनीही हाच कित्ता गिरवला. ज्याला आमंत्रण नाही, त्याने 'मला का नाही?' हे विचारायचं कोणाला? अखेर एका प्रवाशाने हा भेदभाव आहे म्हणून कायद्याने दाद मागितली. त्यानंतर बहुतेक अमेरिकी कंपन्यांनी वर्गणी घेऊन सदस्यत्व खुलं केलं. वर्गणी म्हणजे समता नव्हे, हे खरं. पण छापलेला दर सर्वांना सारखा असतो. मर्जीचं तसं नसतं.

१९९२मध्ये 'प्रायॉरिटी पास' आला आणि एकाच कार्डावर अनेक लाउंज उघडली. पुढे बँका आल्या. आपल्याकडे दारात कार्डावरून एक-दोन रुपये कापले जातात, म्हणून हे फुकट वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक भेटीचे पैसे बँक मोजत असते. गर्दी वाढली, खर्च वाढला, तेव्हा अनेक बँकांनी 'आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केलेला हवा' अशी अट घातली.

म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन दारात उभं राहावं आणि कार्ड चालत नाही असं कळावं, यात पैशापेक्षा मान अधिक दुखावतो. म्हणून निघण्यापूर्वी चार गोष्टी बँकेला विचाराव्यात. भेटी किती उरल्या? हे लाउंज यादीत आहे का? खर्चाची अट पूर्ण झाली का? सोबतच्यांचे पैसे वेगळे पडतील का? लाउंजमध्ये किती तास बसता येतं, हेही पाहून ठेवावं.

नियम किचकट झाले आहेत, हे मान्य. पण ते लिहिलेले आहेत, म्हणून त्यांच्यावर बोट ठेवून जाब विचारता येतो. आमंत्रणाच्या काळात दाराबाहेर राहिलेल्यांना तेवढंही शक्य नव्हतं.