नाणेघाटातल्या रेघा

दिवाळीच्या सुटीत कुठे जायचे, हा आमच्या घरी दरवर्षीचा वाद. गेल्या वर्षी तो आईने मिटवला. "तू शाळेत पोरांना तो घाट शिकवतोस ना, तो मला दाखव की एकदा," ती म्हणाली. जुन्नर तालुक्यात तिचा सारा जन्म गेला. पण नाणेघाट तिने पाहिला नव्हता. आणि खरे सांगायचे तर वीस वर्षे इतिहास शिकवून मीही तो धड पाहिला नव्हता.

भाऊबीज उरकली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजण निघालो. घाटघरला एस. टी. तून उतरून पायवाट धरली. कोकणातून चढून यायचे तर दमछाक होते. पण जुन्नरकडून जाणारी ही पठारावरची वाट म्हाताऱ्याकोताऱ्यांनी नि लहान पोरांनीही चालावी अशी. गवत पिवळे पडू लागले होते, जीवधन किल्ल्याचा कडा सोबतीला होता. आई काठी टेकीत सर्वांच्या पुढे!

घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच खिंडीतून जुन्नरला चढे आणि पुढे सातवाहनांच्या पैठणला जाई. धाकट्याने लगेच रांजणात डोकावून पाहिले. नाणी नव्हती. त्याचे तोंड उतरले.

खिंडीतून काही पायऱ्या उतरले की उजेडाकडे तोंड करून असलेली ती लेणी लागते. आत ना बुद्ध, ना पिंडी. एका राजघराण्याने आपली आठवण ठेवण्यासाठी ही खोली कोरून घेतली. मागच्या भिंतीवर एका ओळीत मूर्ती होत्या. वर त्यांची नावे आहेत : घराण्याचा मूळपुरुष सिमुक सातवाहन, कुमार भाय, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी. मूर्ती मात्र नाहीशा झाल्या; कुठे पावलांच्या खुणा उरल्या आहेत तेवढ्याच.

या नावांत एक जोडनाव आहे : 'देवी नायनिका आणि राजा सिरी सातकर्णी.' आधी राणी, मग राजा! हीच नागनिका. महारठी त्रणकयिरो हे तिचे वडील असावेत, असे अभ्यासक मानतात. म्हणजे सासरच्या मांडवात तिने माहेरचेही माणूस उभे केले होते.

दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इ. स. १८२८ मध्ये तो पाहिला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी तो वाचला. खडक ठिकठिकाणी झिजला आहे, अक्षरे तुटली आहेत. तरी अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी त्यात लागते. प्रत्येक यज्ञाला काय दान दिले ते आकड्यांनिशी : एक हजार एक गाई, हत्ती, घोडे, एके ठिकाणी चोवीस हजार चारशे कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. राजा वारला होता, मुले लहान होती आणि कारभार राणीच्या हाती होता, असा बहुतेक अभ्यासकांचा कयास आहे.

मी हे सांगत होतो. आई बाकासारख्या कोरलेल्या दगडावर बसून ऐकत होती. तिने विचारले, "आणि तिच्या स्वतःबद्दल काय लिहिलंय?"

"महिना महिना उपास करायची. घरात राहून तापसीसारखी राहायची."

"उपास ठाऊक आहेत मला," आई म्हणाली. "पण हिशेब चोख ठेवला हो बाईनं."

थोरलीला आकडे पाहायचे होते. त्यांच्या खुणा मी पुस्तकातून वहीत उतरवून आणल्या होत्या. आपल्या देशातल्या अंकांच्या फार जुन्या खुणांपैकी या आहेत. त्यांत शून्य नाही. दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी चिन्हे आहेत. एक म्हणजे एक आडवी रेघ. दोन म्हणजे एकाखाली एक अशा दोन आडव्या रेघा. वही आईच्या हाती गेली. तिला अक्षर येत नाही. ती त्या दोन रेघांकडे पाहत राहिली आणि हसली. "अरे, ह्या तर माझ्या दुधाच्या रेघा!"

मी सातवीत असताना वडील गेले. एक म्हैस होती. आई घरोघर दूध घालायची आणि हिशेब स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने मांडायची. एका शेराला एक रेघ. प्रत्येक घराची ओळ वेगळी. एका रेघेचीही चूक कधी झाली नाही. त्या रेघांवर मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो. नोकरी लागल्यावरची पहिली दिवाळी आली, तेव्हा मोठ्या हौसेने चुना आणला आणि घर पांढरेशुभ्र केले. स्वयंपाकघराची भिंत सगळ्यात आधी. आई दारात उभी राहून पाहत होती. काही बोलली नाही.

पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत विधवा पुष्कळ आहेत, आणि त्या सगळ्या रडतात. हिशेब ठेवणारी एकही नाही. वर्गातही मी सिमुक सांगितला, सातकर्णी सांगितला. नागनिकेवर कधी एक वाक्य खर्च केले नाही.

"आई," मी म्हटले, "ती भिंत मी पुसायला नको होती."

"पुसली म्हणून काय झालं? सगळ्यांचे पैसे चुकते झाले होते," ती म्हणाली आणि काठी घेऊन उठली. "चला, पोरं भुकेली असतील."

टाक्याजवळ बसून आम्ही दशम्या आणि चकल्या खाल्ल्या. खाली कोकण धुक्यात पसरले होते. धाकट्याने तेवढ्यात एक टोकदार दगड उचलला आणि लेणीकडे निघाला. बऱ्याच जणांनी तिथे आपली नावे खरवडून ठेवली आहेत, त्यालाही ठेवायचे होते. मी ओरडणार, तोच आजीने त्याचा हात धरला.

"तिथं नको रे. तिचा हिशेब आहे तो."

सुटी संपून शाळा उघडली त्या दिवशी फळ्यावर मी दोन आडव्या रेघा काढल्या आणि मुलांना विचारले, "हे काय आहे, सांगा पाहू?"