बोरीची राख : आई सापडली, वयाचं भांडण चालूच

आज पिकाचं नाही, थराचं लिहितोय.

जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी पांढरट, पिठासारखा थर आहे. चुनखडी वाटेल, पण ती ज्वालामुखीची राख आहे. टाच घासायला हलका, भोकाभोकांचा प्युमिस दगड मिळतो ना, त्याचाच बारीक चुरा समजा. सूक्ष्मदर्शकाखाली फुटक्या बुडबुड्यांच्या काचा दिसतात.

आपला काळा दगडही ज्वालामुखीचाच, मग राख त्याचीच का नाही? तर काळ्या दगडात सिलिका साधारण निम्मी, राखेत पाऊण हिश्श्याच्या आसपास. पोटॅशही राखेत कितीतरी जास्त. जातच वेगळी. रसायन जुळलं ते सुमात्रा बेटावरच्या टोबाशी, ३००० किलोमीटरहून लांब! तिथे आज सुमारे १०० किलोमीटर लांबीचं तळं आहे, तेच त्या ज्वालामुखीचं खचलेलं तोंड.

आई सापडली, वय अडलं. बोरीला आदिमानवाच्या दगडी कुऱ्हाडीही मिळाल्यात. राखेच्या वयावरून माणूस इथे कधीपासून, याचा अंदाज लागतो. १९८९ मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने वय आलं १४ लाख वर्षं. १९९५ मध्ये दुसऱ्या मोजणीत ६ लाख ७० हजार. तर काचेचं रसायन तपासणारे म्हणाले, ही टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची, वय फक्त ७५ हजार!

एवढी तफावत कशी? पोटॅशियमचा ठरलेला हिस्सा सावकाश आर्गॉन वायू होतो. खडक वितळला की जुना वायू उडतो आणि घड्याळ शून्यावर येतं. पण ही राख नदीने वाहून साठवलेली. तिच्यात साडेसहा कोटी वर्षांच्या काळ्या दगडाची थोडी भुकटी आली, तरी वय लाखांनी फुगतं. आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा हाच. मला तो लगेच पटला. मी एकदा चुनखडीच्या अन् काळ्या रानाची माती एकाच पिशवीत तपासायला दिली होती. अहवाल आला तो दोन्हीपैकी कुठल्याच रानाचा नव्हता. चूक माझीच.

तरी वाद मिटला म्हणू नका. टोबा त्याआधीही सुमारे ८ लाख आणि ५ लाख वर्षांपूर्वी फुटला होता. त्या राखांची मुख्य घटकद्रव्यं एकमेकींच्या इतकी जवळ, की अगदी अल्प प्रमाणातली मूलद्रव्यं मोजावी लागतात.

अशीच राख कऱ्हेकाठी मोरगावलाही आहे. कुकडी, कऱ्हेच्या काठी विहीर खोदताना पांढरं पीठ लागलं तर जेसीबी जरा थांबवा. फोटो काढा, किती फुटांवर लागलं ते लिहा अन् इथे टाका.