दोन लाव्हांमधलं तळं

कपिलधारच्या धबधब्याखाली तुम्ही उभे आहात. जवळच मन्मथस्वामींची समाधी. अंगावर तुषार येताहेत. समोरच्या काळ्या कड्याला हात लावा आणि 6 कोटी 60 लाख वर्षं मागे या.

हात झटकन मागे घ्या! कडा अजून कडा झालेलाच नाही, तापलेला रस आहे. बालाघाट असाच थरावर थर चढत उभा राहतोय. गंधकाच्या वासानं घसा खवखवतो. भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपण शोधतोय तो शिंपला इथे कुठला मिळायला? ईशान्येला, विदर्भाकडे चालू लागा.

तिथला लाव्हा कधीच निवलाय, पुढचा यायला अवकाश आहे. खोलगट जागी पाणी साचून तळं झालंय, काठाला ताडाच्या जातीची झाडं आहेत. गुडघाभर पाण्यात उतरा. चिखलात अंगठ्याला टणक काही लागेल. तो युनियो, गोड्या पाण्यातला शिंपला. उचललात की दोन्ही शिंपा डबीसारख्या गच्च मिटतात. पाठीवर वाढीच्या रेषा, एकीबाहेर एक.

पण लाव्हाच्या मुलखात हा आला कसा? त्याला ना पंख, ना धड पाय. आजच्या गोदावरीतल्या त्याच्या भाईबंदांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून फिरतात. माझ्या मते हाही असाच फुकट्या प्रवासी. तळ्यात मासे आहेतच, त्यांचे खवलेही दगडात सापडतात.

आता काठावर या. क्षितिज तांबडं झालंय. शिंपला मेला की शिंपा मिटून धरणारे स्नायू सैल पडतात आणि बिजागरीचा ताण त्यांना उघडतो. म्हणून दगडात मिटलेली जोडी दिसली, तर तो उघडण्याआधीच गाळात गाडला गेला असं समजा. वरून नवा लाव्हा पसरतो, तळं झाकलं जातं, मागाहून पाण्यातली सिलिका गाळाची गारगोटी करते.

माल्कमसननं दख्खनमधून जमवलेल्या अशाच जीवाश्मांतल्या एका जातीला सॉवर्बीनं 1840 साली युनियो डेक्कनेन्सिस हे नाव दिलं. 1860 मध्ये नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपनं आणखी जाती नोंदवल्या.

ते तळं लाव्हाखाली गेलं, त्याच सुमारास मेक्सिकोपाशी अशनी आदळली. समुद्रात शिंगांसारखे वाढणारे रुडिस्ट शिंपले तेव्हाच्या संहारात नामशेष झाले. डेक्कनेन्सिस ही जातही आज कुठे नाही, पण युनियोचं घराणं टिकलं, गोड्या पाण्यात, माशांच्या मागे मागे.