वजा केलेला आकडा

१९७०च्या सुमारास कर्करोगावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत एक चाचणी रोजची झाली होती. कर्कपेशींमध्ये किरणोत्सारी क्रोमियम-५१ मुरवायचं, त्यांत उंदराच्या प्लीहेतल्या पांढऱ्या पेशी मिसळायच्या आणि काही तास वाट पाहायची. कर्कपेशी फुटली की तिच्यातलं क्रोमियम बाहेरच्या द्रवात उतरतं. द्रवातला किरणोत्सार मोजला, की किती पेशी मेल्या ते कळतं. तुलनेसाठी आणखी एक उंदीर घेत, ज्याचा त्या कर्करोगाशी कधीच संबंध आलेला नसे. त्याच्या पेशींनी काहीही मारू नये, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याही मारत. मग तो आकडा चाचणीतला गोंधळ मानून मुख्य उत्तरातून वजा केला जाई आणि उरलेलं उत्तर छापलं जाई.

स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत मात्र हा आकडाच अभ्यासाचा विषय झाला. तिथल्या एव्हा क्लाइन मूळच्या बुडापेस्टच्या. ज्यू असल्यामुळे महायुद्धात त्यांना खोट्या कागदपत्रांच्या आधाराने लपून राहावं लागलं होतं. युद्धानंतर त्या स्वीडनला आल्या आणि पती जॉर्ज यांच्याबरोबर कर्करोगाच्या संशोधनात रमल्या. त्यांच्याकडचा तरुण संशोधक रोल्फ किसलिंग याने ही ‘विनाकारण’ होणारी हत्या पुन्हा पुन्हा मोजली. ती कोणत्या उंदरात जास्त, कोणत्यात कमी, कोणत्या वयात दिसते, हे तपासलं. मारणाऱ्या पेशी शत्रूची ओळख शिकून घेणाऱ्या टी पेशीही नव्हत्या आणि बी पेशीही नव्हत्या. १९७५ साली किसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी ‘नॅचरल किलर’ म्हणजे एनके पेशींवरचा शोधनिबंध छापला. त्याच वर्षी अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांचा गटही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचला. आकडा सगळ्यांसमोर होता. त्याला किंमत दिली ती या मोजक्या लोकांनी.

तरीही बरीच वर्षं या पेशींकडे संशयानेच पाहिलं गेलं. शिक्षण न घेता मारणारी पेशी आपलं-परकं ओळखते कशी? याचं उत्तरही कारोलिन्स्कातूनच आलं. क्लास कॅरे आणि हान्स-गुस्ताफ ल्युंग्रेन यांनी १९८६ साली दाखवलं, की एनके पेशी शत्रूची खूण शोधत बसत नाहीत. शरीराच्या निरोगी पेशींवर असणारी ‘आपली’ खूण जिथे हरवली, तिथे त्या वार करतात. १९८९ साली एका किशोरवयीन मुलीची हकिगत प्रसिद्ध झाली. तिच्या शरीरात एनके पेशीच नव्हत्या आणि कांजिण्यांसारख्या नागीण-कुळातल्या विषाणूंनी तिला वारंवार जिवावरच्या दुखण्यात लोटलं होतं. या पेशी कशासाठी असतात, याचा इतका स्पष्ट पुरावा आधी मिळाला नव्हता.

लशीच्या शास्त्रात मात्र त्यांना जागा नव्हती. लस म्हणजे स्मृती, आणि स्मृती ही टी आणि बी पेशींची मक्तेदारी, असं पाठ्यपुस्तकं सांगत. गंमत अशी, की या समजुतीला धक्का देणारं एक निरीक्षण याच स्वीडनमध्ये एनके पेशींच्या चाळीसेक वर्षं आधी होऊन गेलं होतं.

त्यासाठी क्षयावरच्या बीसीजी लशीकडे वळावं लागतं. आल्बेर काल्मेत आणि कामी गेरँ यांनी फ्रान्समधल्या लील शहरात गाईच्या क्षयाचा जंतू पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर १९०८पासून तेरा वर्षं वाढवला. २३० वेळा नव्याने वाढवल्यावर तो निरुपद्रवी झाला आणि १९२१ साली पॅरिसमध्ये एका बाळाला ही लस प्रथम पाजण्यात आली. पुढे स्वीडनच्या उत्तर टोकाच्या नॉरबॉटन प्रांतात कार्ल नेसलुंड या डॉक्टरने १९२७ ते १९३१ दरम्यान बीसीजी दिलेल्या बाळांची नोंद ठेवली. लस घेतलेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण लस न घेतलेल्यांच्या जवळपास एक तृतीयांश होतं. एवढा फरक क्षयाने होणाऱ्या मृत्यूंनी भरून निघण्यासारखा नव्हता. बीसीजीमुळे शरीराची सर्वसाधारण प्रतिकारशक्तीच वाढत असावी, असं नेसलुंड यांनी लिहून ठेवलं. लस घेणारी आणि न घेणारी कुटुंबं मुळातच वेगळी असू शकतात, हा आक्षेप रास्त आहे. पण एवढ्यावर प्रश्न बाजूला टाकायचं कारण नव्हतं. तो टाकला गेला. हाही एक वजा केलेलाच आकडा.

टी आणि बी पेशींच्या मक्तेदारीला उघड तडा गेला तो बराच उशिरा. २००६ साली बॉस्टनमध्ये उलरिक फॉन आंद्रियान यांच्या गटाने टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांच्या त्वचेला एक रसायन लावलं. महिन्याभरानंतर तेच रसायन पुन्हा लावल्यावर उंदरांना ते आठवत होतं, आणि ही आठवण एनके पेशींची होती. २००९ साली लुइस लॅनियर यांच्या गटाने विषाणूच्या बाबतीतही असंच दाखवलं. २०१४ साली नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या मिहाई नेतिआ यांच्या गटाचे निष्कर्ष आले. बीसीजी घेतलेल्या निरोगी स्वयंसेवकांच्या एनके पेशी तीन महिन्यांनंतरही क्षयाच्या जंतूंनाच नव्हे, तर इतर जंतूंनाही जास्त जोमाने प्रतिसाद देत होत्या.

रेबीजच्या लशीची गोष्ट याहून वेगळी आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. लंडनमध्ये एलिनॉर रायली यांच्या गटाने २०१० साली दाखवलं, की लस घेतलेल्या माणसाच्या रक्तात रेबीजचा अंश मिसळला की एनके पेशी झपाट्याने कामाला लागतात. पण त्यांना आठवण करून देतात त्या लशीने तयार झालेल्या टी पेशी. स्मृती एकीची, हत्यार दुसरीचं. या पेशी नेहमी मदतच करतात असंही नाही. काही उंदरांच्या प्रयोगांत एनके पेशी काढून टाकल्यावर प्रतिपिंडं वाढलेली आढळली, म्हणजे त्या लगामही घालतात.

म्हणूनच घाईने जयजयकार करू नये. गिनी-बिसाऊमध्ये कमी वजनाच्या नवजात बाळांना लगेच बीसीजीचा डॅनिश वाण दिल्यावर मृत्यू एक तृतीयांशाहून अधिक घटले. उलट आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या ‘ब्रेस’ चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२३ साली आले, बीसीजीने कोविडपासून संरक्षण दिलं नाही. लस कोणत्या वाणाची, कोणाला आणि कोणत्या वयात दिली, यावर बरंच अवलंबून आहे. भारतात १९४८पासून बीसीजी दिली जाते आणि दर वर्षी दोन कोटींहून अधिक बाळं जन्माला येतात. हा प्रश्न आपल्याइतका दुसऱ्या कोणाचाच नाही. आपल्याकडच्या लसचाचण्यांत प्रतिपिंडांच्या बरोबरीने सुरुवातीच्या दिवसांतल्या एनके पेशीही मोजल्या गेल्या पाहिजेत, आणि त्यासाठी लागणारा जास्तीचा खर्च सरकारने उचलला पाहिजे.