खाजनाचा बांध आणि गावाचे कर्तव्य

गोमंतकात मांडवी व झुवारी या नद्यांच्या तीरांवर खाजन नावाची सखल शेते आहेत. भरतीला नदीचे खारे पाणी या शेतांहून वर चढते. ते बाहेर राहते ते माती, चिरे व पेंढा यांच्या बांधामुळे. बांधात लाकडी दारांची मानस असते. भरतीच्या दाबाने ही दारे मिटतात आणि ओहोटीला उघडून पावसाचे पाणी नदीत सोडतात.

परंतु बांधाला राखणदार लागतो. खेकड्याने पाडलेले भोक मोठ्या भरतीत खिंडार होते. म्हणून बांधाची राखण हे गावकरी संस्थेचे कर्तव्य होते. या संस्थेच्या चालीरीती पोर्तुगीजांनी १५२६ साली 'फोराल'मध्ये नोंदविल्या. मानशीवरील मासळीच्या लिलावाचे उत्पन्न बांधाच्या कामी येई. ज्याचे शेत, त्याचीच दक्षता, असा तो मेळ होता.

१९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीची मालकी दिली. तो न्यायच होता. मात्र बांधाची जबाबदारी कूळ संघांकडे गेली आणि अनेक गावी ती शिथिल झाली. कोठे मासळीच्या लोभाने खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले. बांध फुटले, आणि कोरगूट भाताच्या जागी खारफुटी उभी राहिली.

बांधासाठी सरकार द्रव्य देऊ शकेल; पण रात्रीच्या भरतीत फावडे घेऊन धावणारा माणूस गावातच असावा लागतो.