नारळ आणि घड्याळ

सुरुवात घड्याळांपासून करा, कारण गावच घड्याळांचं आहे. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातलं ब्रिस्टल. एकोणिसाव्या शतकात इथल्या कारखान्यांतून निघालेली घड्याळं देशभरातल्या भिंतींवर लागली. पुढे कारखाने गेले, संग्रहालय उरलं. तुम्ही त्या संग्रहालयात उभे आहात. भोवती लंबकच लंबक, आणि कुणाचं कुणाशी जमत नाही. त्यातल्या एका घड्याळाचा काटा तुम्ही बोटाने मागे ढकलता. हात लावू नये अशी पाटी आहे खरी, पण कालप्रवासाला निघालेल्याने पाट्या वाचायच्या नसतात.

बुटाखाली पचकन चिखल लागतो.

७ सप्टेंबर १९७९, शुक्रवार. संध्याकाळचे सात वाजत आलेत. समोरच्या इमारतीचं काम अर्धवट आहे. ट्रक उभे आहेत, केबली पसरल्यात, आकाशाकडे तोंड केलेली मोठी तबकडी आहे. सात वाजता या चिखलातून ईएसपीएन नावाची वाहिनी सुरू होणार आहे. चोवीस तास फक्त खेळ दाखवायचे, ही कल्पना आज तिथल्या बहुतेकांना वेडगळ वाटतेय.

ती काढणारा माणूस बघून घ्या. बिल रासमुसेन. न्यू इंग्लंड व्हेलर्स या आइस हॉकी संघात तो नोकरीला होता. गेल्या वर्षी संघाने त्याला नारळ दिला. १९७८च्या ऑगस्टमध्ये वॉटरबरीजवळ तो आणि त्याचा मुलगा स्कॉट रस्त्यावरच्या खोळंब्यात अडकले आणि गाडीत बसल्या बसल्या दोघांनी वाहिनीचा आराखडा केला. उपग्रहाचं भाडं विचारायला गेले तर कळलं, रोजच्या पाच तासांपेक्षा अख्खे चोवीस तास स्वस्त पडतात. घेतले चोवीस. आता ते भरायचे कशाने, हा प्रश्न नंतरचा. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर घरच्यांनी वेड्यात काढलं असतं. इथे गेटी ऑइल या तेल कंपनीने पैसे घातले.

एक गोष्ट मनात ठेवा, पुढे लागेल: ही वाहिनी नोकरीवरून काढलेल्या माणसाने काढली, आणि तो हॉकीतून आला होता.

सात वाजले. ‘स्पोर्ट्‌ससेंटर’ सुरू झालं. ते संपल्यावर सॉफ्टबॉलचा सामना आहे, मिलवॉकी विरुद्ध केंटकी. एका संघाचं नाव बिअरवरून, दुसऱ्याचं व्हिस्कीवरून. हसू नका. मोठ्या सामन्यांचे हक्क घ्यायला खिशात पैसे नाहीत, म्हणून हे. आणि सामने नाहीत म्हणूनच बातम्या आहेत: कोण जिंकलं, कोण जायबंदी झालं, कोणता प्रशिक्षक कुठे चालला. परवा रविवारी बॉब ली नावाचा चोवीस वर्षांचा तरुण इथे कामाला लागेल. १९९०मध्ये तो ‘आउटसाइड द लाइन्स’ हा शोधपत्रकारितेचा कार्यक्रम हातात घेईल. मैदानाच्या पांढऱ्या रेषेच्या आत जे चालतं ते सगळेच दाखवतात. हा रेषेबाहेर जाऊन बघणार.

काटा पुढे घ्या. २०११.

त्या चिखलाच्या जागी आता एक आख्खं आवार उभं आहे, आणि वाहिनी दहा कोटी अमेरिकी घरांत पोचली आहे. पैसा कुठून येतो हे कळायला तुमचा जुना केबलवाला आठवा. महिन्याचे पैसे ठरलेले. त्यात तुम्ही कधीच न बघितलेले तीस-चाळीस चॅनल घरात यायचे. त्या पैशांत त्यांचाही वाटा असायचा. (ईएसपीएन म्हटलं की आपल्याला आठवतो हर्षा भोगलेंचा चेहरा आणि पहाटेचे ऑस्ट्रेलियातले कसोटी सामने. ते ईएसपीएन स्टार स्पोर्ट्‌स. २०१२मध्ये भागीदारी मोडली, तो वेगळा संसार.) अमेरिकेत त्या केबलच्या बिलात सगळ्यात महाग वाटा ईएसपीएनचा. खेळात काडीचा रस नसलेली एखादी आजीबाईसुद्धा बिलातून महिन्याला काही डॉलर ब्रिस्टलला पाठवते, आणि तिला ते माहीतही नाही.

अशी न मागता मिळणारी कमाई असली की माणूस मोठे करार करतो. याच २०११मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलशी आठ वर्षांचा करार होतोय, वर्षाला सुमारे १९० कोटी डॉलरचा. २०१४मध्ये बास्केटबॉलच्या एनबीएशी होईल. त्यात टर्नर कंपनी भागीदार, नऊ वर्षं, एकूण २,४०० कोटी डॉलर. ज्यांना सामने परवडत नव्हते त्यांच्याकडे आता सामनेच सामने आहेत. मग बातमीचं काय करायचं?

त्याचं एक उत्तर २०१३च्या ऑगस्टमध्ये दिसतं. मार्क फायनारू-वाडा आणि स्टीव्ह फायनारू हे दोन भाऊ, दोघेही ईएसपीएनचे बातमीदार. फुटबॉल खेळाडूंच्या मेंदूला बसणारे मार आणि एनएफएलने त्याकडे केलेली डोळेझाक यावर ते पब्लिक टीव्हीच्या ‘फ्रंटलाइन’बरोबर माहितीपट करताहेत. प्रदर्शन तोंडावर आल्यावर वाहिनी आपलं नाव काढून घेते. संपादकीय ताबा आपल्याकडे नव्हता, हे तिचं जाहीर कारण. असेल. पण ज्याला वर्षाला १९० कोटी द्यायचे त्याच्याबद्दलच चौकशी करायची, हे घरमालकाच्या दिवाणखान्यात बसून त्याच्यावर खटला लिहिण्यासारखं आहे. होत नाही असं नाही. पेन जरा जड होतं.

२०१५च्या ऑक्टोबरवरून पटकन पुढे चला. जवळजवळ तीनशे माणसं त्या महिन्यात घरी बसली, बहुतेक कॅमेऱ्यामागची. त्यांचे चेहरे कुणाला माहीत नव्हते, त्यामुळे कुणी फार हळहळलं नाही.

आता काटा सावकाश लावा. २६ एप्रिल २०१७, बुधवार, सकाळ. गाव फिलाडेल्फिया.

कला संग्रहालयाच्या प्रसिद्ध पायऱ्या आहेत, ‘रॉकी’ चित्रपटात नायक धावत चढतो त्या. तिथे भलामोठा मंच उभा राहिलाय. उद्यापासून तीन दिवस एनएफएलचा ड्राफ्ट: कॉलेजातून येणारा कोणता खेळाडू कुठला संघ उचलणार, याचा जाहीर सोहळा. आयपीएलचा लिलाव उघड्यावर, लाखभर लोकांसमोर भरवला तर जसं होईल तसं. वाहिनीच्या दृष्टीने ही पंढरीची वारीच. तुम्ही एका कठड्यावर बसता आणि फोन काढता. ट्विटर उघडा. बाकी काही करायला नको, आजची बातमी तिथे आपोआप येणार आहे, ज्यांना काढलं त्यांच्याच हाताने लिहिलेली.

पहिल्यांतलं एक नाव एड वेर्डर. सतरा वर्षं एनएफएलचं वार्तांकन केलेला माणूस. ड्राफ्टच्याच कामासाठी तो न्यू ऑर्लिन्सला गेलाय. लग्नाच्या आदल्या दिवशी आचाऱ्याला घरी पाठवावं, तसं. कामावरून कमी केलंय, ताबडतोब लागू, आणि निवृत्त होण्याचा आपला विचार नाही, एवढंच तो लिहितो. तुम्ही स्क्रीन खाली ओढता. नवीन नाव. पुन्हा ओढता. आणखी एक. सगळ्यांची भाषा एकसारखी सभ्य आहे: सहकाऱ्यांचे आभार, प्रेक्षकांचे आभार, चांगले दिवस होते. कुणी शिव्या देत नाही. करारातल्या उरलेल्या महिन्यांचा पगार अजून यायचाय, हे त्या सभ्यतेचं एक कारण असणार. पण तेवढंच नसावं.

जेसन स्टार्क. बेसबॉल. ईएसपीएनमध्ये यालाही सतरा वर्षं झाली. त्याआधीची एकवीस वर्षं याच फिलाडेल्फियात, ‘इन्क्वायरर’ या वर्तमानपत्रात. तिथे तो रुजू झाला १९७९मध्ये, ब्रिस्टलला चिखल तुडवला जात होता त्या वर्षी. पुढचं तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही: २०१९मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात त्याला बेसबॉल बातमीदारीचा सर्वोच्च मान मिळेल. खांद्यावर हात ठेवून सांगावंसं वाटतं, पण कालप्रवाशाला तेवढी सोय नसते.

मग हॉकीवाले. पिएर लब्रन, स्कॉट बर्नसाइड, ज्यो मॅक्डॉनल्ड. स्टॅन्ली कपच्या बाद फेऱ्या ऐन रंगात आल्यात आणि हॉकीचा बातमी विभाग जवळजवळ रिकामा झाला. कारण साधं आहे, हॉकीचे प्रक्षेपण हक्क २००४पासून ईएसपीएनकडे नाहीत. जो सामना आपण विकत नाही त्याची बातमी कशाला? मघाशी मनात ठेवलेली गोष्ट इथे काढा. हॉकी संघाने ज्याला काढलं त्याने काढलेल्या वाहिनीतून हॉकीचेच बातमीदार निघाले.

दुपारपर्यंत आकडा शंभरच्या आसपास जातो. सगळेच बातमीदार नाहीत. ट्रेंट डिल्फरसारखा सुपर बोल जिंकलेला माजी खेळाडू आहे, काही वृत्तनिवेदक आहेत. अध्यक्ष जॉन स्किपर यांचं पत्र येतं. प्रेक्षक बदलतोय, आपणही बदलायला हवं, एकाच माणसाला अनेक कामं करता यायला हवीत, असा त्याचा सूर. अशी पत्रं सगळीकडे सारखीच असतात; फक्त वरचा शिक्का बदलतो.

कठड्यावर बसल्या बसल्या हिशेब करा. दहा कोटी घरांची आता सुमारे आठ कोटी ऐंशी लाख झालीत. लोकांनी केबल कापली; आजीबाईंच्या नातवाने नेटफ्लिक्स लावून दिलं असेल. गेली एक कोटी वीस लाख घरं, घरामागे महिन्याला सात डॉलर, वर्षाचे बारा महिने. शंभर कोटी डॉलरचं भगदाड. आणि समोर एनएफएल, एनबीए यांचे करार, ज्यांतला एक सेंटही कमी होत नाही. मग कात्री चालणार कुठे? शंभर माणसांच्या पगाराने ते भगदाड कुठेच बुजत नाही, हे हिशेबनीसालाही कळतं. पण करार कापता येत नाही, माणूस कापता येतो.

यात बातमीदारच आधी का सापडतो? त्याचं काम पडद्यावर दिसत नाही म्हणून. सकाळपासून चाळीस फोन, सरावानंतर बोळात दोन तास उभं राहणं, प्रशिक्षकाच्या मदतनिसाशी त्याच्या मुलाच्या शाळेबद्दल गप्पा, आणि संध्याकाळी पडद्याच्या तळाशी सरकणारी एक ओळ. ती ओळ ज्या दिवशी येत नाही त्या दिवशीही पगार चालूच. उलट टेबलाच्या दोन टोकांना दोन माणसं बसवून त्यांना एकमेकांवर ओरडू द्या: दोन तास भरले, खर्च टेबलाचा आणि त्या दोन गळ्यांचा. गळे महाग असतात, मान्य. पण ते रोज दिसतात. आपल्याकडे संध्याकाळी सात-आठला कोणत्याही वृत्तवाहिनीचं बटण दाबलंत की चौकटी-चौकटींत जे दिसतं, तोच हा प्रकार. ओरडणाऱ्यांना विषय तो सरकत्या ओळीवालाच पुरवत होता, एवढं मात्र टेबलावर कुणी बोलत नाही.

सगळेच बातमीदार नकोसे झाले असंही नाही. याच उन्हाळ्यात ईएसपीएन याहूकडून एड्रियन वोज्नारोव्स्कीला आणणार आहे; कोणता खेळाडू कुठल्या संघात चालला हे तो जगाच्या चार मिनिटं आधी सांगतो. ती चार मिनिटं विकली जातात. चार महिने लागणाऱ्या बातमीला मात्र गिऱ्हाईक सापडत नाही.

आपल्याकडे ऑफिसातून निरोप देताना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देतात. इथे घड्याळांच्या गावाने नुसतं श्रीफळ दिलं.

घाईत काटा जास्तच पुढे जातो. २०१९: जूनमध्ये बॉब ली निवृत्त, डिसेंबरमध्ये ‘आउटसाइड द लाइन्स’चा रोजचा कार्यक्रम बंद. ऑगस्ट २०२५: एनएफएलला ईएसपीएनमध्ये दहा टक्के हिस्सा देण्याचा करार जाहीर. घरमालक आता दुकानातही भागीदार. मागे या, मागे या.

२३ जुलै २०१८. ब्रेट मॅकमर्फी, कॉलेज फुटबॉलचा बातमीदार, सव्वीस एप्रिलच्या यादीतला. त्याचा करार अजून संपलेला नाही; ईएसपीएन त्याला पगार देतंय आणि दुसरीकडे काम करायला बंदी आहे. म्हणजे पैसे मिळतात ते गप्प बसण्याचे. पण फेसबुक काही वाहिनी नव्हे. तो स्वतःच्या पानावर लिहितो की ओहायो स्टेट विद्यापीठाच्या एका सहायक प्रशिक्षकावर पत्नीला मारहाण केल्याचे आरोप आहेत. त्याच दिवशी विद्यापीठ त्या माणसाला काढून टाकतं. दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक अर्बन मायर पत्रकारांना सांगतो, २०१५मधल्या मारहाणीच्या आरोपाची आपल्याला कल्पना नव्हती. मॅकमर्फी पुन्हा फोन लावत बसतो.

१ ऑगस्टला दुसरी पोस्ट पडते: मायरला माहीत होतं असं दाखवणारे संदेश, त्या सहायकाच्या माजी पत्नीकडून मिळालेले. संध्याकाळपर्यंत देशातला एक सगळ्यात ताकदवान प्रशिक्षक सक्तीच्या रजेवर. तिन्ही सांजा ब्रिस्टलचं भलंमोठं वृत्तदालन ती बातमी चालवतं, दोन गळे टेबलावर भांडायला बसतात, आणि स्क्रीनच्या तळाशी ओळ सरकू लागते.